गिऱ्हाईक गप्प वाचतं

दुपारचे चार वाजलेले असतात. असेंब्लीवरून फोन येतो की अमुक ब्रॅकेट उद्या संपणार. नेहमीच्या व्हेंडरचं मशीन तीन दिवसांपासून बंद आहे आणि ते त्याने आज, आपण फोन केल्यावर सांगितलेलं असतं. टेबलावर ड्रॉइंग उघडं, साहेब डोक्यावर, आणि आपल्याला संध्याकाळच्या आत असा माणूस शोधायचाय जो ॲल्युमिनियमचे साठ नग चार दिवसांत धड करून देईल. अठरा वर्षं मी पुण्यातल्या एका कारखान्याच्या परचेस विभागात काढली. अशा दुपारी महिन्यातून दोन-तीनदा तरी यायच्या. सुरुवातीच्या काळात हात टेलिफोनच्या डायरीकडे जायचा, नाहीतर शेजारच्या टेबलावरच्या जोशीबुवांकडे मान वळायची. शेवटच्या काही वर्षांत तोच हात लिंक्डइनच्या शोधपट्टीकडे जाऊ लागला.

तिथं मी काय टाइप करायचो ते आधी सांगतो. व्हीएमसी, ॲल्युमिनियम, जॉबवर्क, भोसरी. बस. ‘ग्राहकांचं समाधान हेच आमचं ध्येय’ असं टाइप करून व्हेंडर शोधणारा परचेसवाला मी अजून पाहिलेला नाही. समोर वीस-पंचवीस नावं यायची. बहुतेकांच्या नावाखाली एकच शब्द: प्रोप्रायटर. कशाचे प्रोप्रायटर, मशीन केवढं, कोणत्या धातूवर हात बसलेला, काही पत्ता नाही. फोटोच्या जागी कुणाचा लोगो, कुणाचा पुतण्याच्या लग्नातला फेटा बांधलेला फोटो. मी खाली सरकायचो. त्या यादीत माझं काम झकास करून देणारे चार-पाच जण नक्की असणार. ते कोण होते हे मला आजही माहीत नाही, आणि आपल्या दारावरून एक ऑर्डर निघून गेली हे त्यांनाही माहीत नाही.

नोकरी सोडल्यापासून मी टेबलाच्या पलीकडे बसतो. भोसरी, चाकण, नाशिकचं सातपूर-अंबड इथल्या लहान कारखानदारांना त्यांचं काम खरेदीदाराच्या नजरेतून कसं दिसतं ते दाखवतो. पहिल्या बैठकीत एक वाक्य ठरलेलं: “लिंक्डइन? ते पोरांच्या नोकऱ्यांचं असतं ना?” अर्धं खरं आहे. मे २००३ मध्ये ते सुरू झालं, २०१६ साली मायक्रोसॉफ्टने २६२० कोटी डॉलर मोजून विकत घेतलं, भारतातले सभासद आता १० कोटींच्या वर आहेत आणि ॲप मराठीतही वापरता येतं. यातले बरेच जण नोकरीच्या आशेनेच आलेले. पण कारखान्यात खरेदी करणारा, डिझाइन करणारा, क्वालिटी सांभाळणारा माणूसही नोकरीवरचाच असतो की. स्वतःच्या पुढच्या नोकरीसाठी त्याने तिथं खातं उघडलेलं असतं आणि कामात अडला की शोधायलाही तो तिथंच येतो.

दुसरी तक्रार अशी: “दोन वर्षं टाकतोय पोस्टा, वीस-पंचवीस लाईक येतात, काम एक नाही.” इथं मला थांबवून सांगावं लागतं की लाईक देणारे कोण आहेत ते जरा उघडून बघा. आपल्याच धंद्यातले दोस्त, मेहुणा, मशीन विकणाऱ्या कंपनीचा सेल्समन, बँकेचा कर्जवाला. परचेसवाला लाईक देत नाही. एकाच्या पोस्टवर अंगठा दिला की दहा व्हेंडर ब्रोशर घेऊन मागे लागतात, हे त्याला अनुभवाने कळलेलं असतं. शिवाय सध्याच्या व्हेंडरला ते दिसलं तर उगाच कुजबुज. म्हणून तो गप्प वाचतो आणि पुढे जातो. या गप्प वाचणाऱ्या माणसासाठी सगळं लिहायचं, हे एकदा ठरवलं की पुढच्या बऱ्याच गोष्टी आपोआप सोप्या होतात.

नावाखालची ओळ

नावाच्या खाली जी ओळ असते तिला २२० अक्षरांची जागा आहे. शोधलेल्या यादीत आपलं नाव, फोटो आणि या ओळीचा सुरुवातीचा तुकडा एवढंच दिसतं. तिथं ‘प्रोप्रायटर’ लिहिणं म्हणजे दुकानाच्या पाटीवर ‘मालक’ एवढंच लिहिण्यासारखं आहे. त्याऐवजी असं पाहा: ‘ॲल्युमिनियम व स्टीलचे मशीन केलेले सुटे भाग, ५ ते ५०० नग, सीएनसी लेथ आणि व्हीएमसी, भोसरी, पुणे.’ यातला ‘५ ते ५००’ हा आकडा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. लाखाच्या लॉटवाला तो वाचून स्वतःच बाजूला होतो आणि ज्याला वीस नगांसाठी चार ठिकाणी नकार मिळालाय तो थांबतो.

भाषेचं काय? प्रोफाइल इंग्रजीतच ठेवा. मराठीचा अभिमान मलाही आहे, पण चेन्नईचा खरेदीदारच काय, चिंचवडचा मराठी खरेदीदारसुद्धा शोधताना शब्द इंग्रजीच टाकतो. तुमचं इंग्रजी थोडं मोडकं असलं तर कुणी हसत नाही. आकडे मोडके नकोत. पोस्ट मात्र हवी त्या भाषेत लिहा. मिरज-सांगली पट्ट्यातल्या एका ठिबक सिंचनाच्या सुट्या भागांच्या विक्रेत्याला मी पाहिलं आहे. त्याचं प्रोफाइल इंग्रजी, पोस्टी अस्सल मराठी, आणि वाचणारे नेमके त्याला हवे तेच.

त्याखाली स्वतःविषयी लिहायची मोठी जागा असते, २६०० अक्षरांची. पण उघडल्या उघडल्या त्यातल्या पहिल्या तीन-चार ओळीच दिसतात, बाकीचं ‘आणखी पाहा’ म्हटल्यावर. आणि या मोक्याच्या ओळींत आपले लोक काय लिहितात? ‘१९९४ साली वडिलांनी लावलेल्या रोपट्याचा आज वटवृक्ष झाला आहे.’ वडिलांबद्दल पूर्ण आदर राखून सांगतो, तो वटवृक्ष खाली हलवा. चार वाजता अडलेल्या माणसाला सावली नको असते. वरच्या ओळींत लिहा की कोणत्या आकाराचे भाग करता, कोणत्या धातूत, आणि ड्रॉइंग आल्यापासून सँपल किती दिवसांत देता.

मग मशीनची यादी. कंपनी, टेबलचा आकार, मशीन किती जुनं. पण खरं सांगू का, मी मशीनच्या आधी ‘मोजायला काय आहे’ ते बघायचो. व्हीएमसी कर्जावर कुणीही आणतो. स्वतःची सीएमएम आहे की बाहेरून रिपोर्ट आणता, गेज कॅलिब्रेट केलेले आहेत का, उंची मोजायला काय वापरता, हे लिहिणारा माणूस रिजेक्शनचा विचार आधी करतो, एवढं त्या दोन ओळींवरून कळायचं. आणि काय करत नाही तेही लिहा. ‘हीट ट्रीटमेंट आणि अनोडायझिंग बाहेरून करून घेतो.’ एका मालकाला हे वाक्य लिहायला लावताना मला अर्धा तास वाद घालावा लागला. गिऱ्हाईक पळेल अशी त्याला भीती. पळत नाही. सगळं करतो म्हणणाऱ्याकडून पळतं, कारण ऑडिटला गेल्यावर ‘आमचं अनोडायझिंग’ कुठल्या तरी तिसऱ्याच गाळ्यात निघतं, हे आम्ही पाहिलेलं असतं.

फोटो साध्या शर्टातला, चेहरा स्वच्छ दिसणारा, मागे आपलं मशीन. कंपनीचं वेगळं पान उघडा, ते फुकट आहे आणि जीएसटीच्या दाखल्यावरचा पत्ता तिथं जुळला की समोरच्याला बरं वाटतं. पण बोलणं माणसाच्या खात्यावरूनच होतं. पानाशी कोण बोलतो?

कुणाला जोडायचं

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये एक निबंध लिहिला, ‘कच्च्या दोऱ्यांची ताकद’ अशा अर्थाचा. बोस्टनजवळच्या न्यूटन गावात त्याने ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना विचारलं की ज्याने सांगितलं तो माणूस तुम्हाला कितीदा भेटतो. नेहमी भेटणाऱ्याकडून काम मिळालेले शंभरात साधारण १७ निघाले. अधूनमधून भेटणाऱ्याकडून ५६. क्वचितच भेटणाऱ्याकडून २८. पुढे २०२२ साली ‘सायन्स’ नियतकालिकात लिंक्डइनच्याच २ कोटी सभासदांवरचा अभ्यास आला. त्यातही मध्यम कच्च्या ओळखीच सगळ्यात कामाच्या ठरल्या. हे दोन्ही अभ्यास नोकऱ्यांचे आहेत, ऑर्डरींचे नाहीत. पण ऑर्डर त्याच वाटेने चालत येते असं मला अठरा वर्षांत दिसलं. कारण साधं आहे. रोज आपल्याबरोबर चहा पिणारा मित्र ज्यांना ओळखतो त्यांना आपणही ओळखतो. बारा वर्षांपूर्वी आयटीआयला शेजारच्या बाकावर असलेला आणि आता साणंदच्या किंवा होसूरच्या कारखान्यात क्वालिटीत असलेला पोरगा मात्र अशा पन्नास माणसांना ओळखतो ज्यांची नावंही आपण ऐकलेली नाहीत.

तेव्हा नवी माणसं शोधायच्या आधी एक वही घ्या आणि पन्नास जुनी नावं लिहा. आयटीआय, पॉलिटेक्निक, पहिल्या अप्रेंटिसशिपचे सोबती, सोडलेल्या नोकरीतले साहेब, मशीन बसवायला आलेला इंजिनिअर. आपल्याकडे पॉलिटेक्निकच्या प्रत्येक बॅचमधला एखादा तरी श्टुटगार्टला नाहीतर डेट्रॉइटला असतोच. तो तुम्हाला ऑर्डर देणार नाही, पण त्याच्या कंपनीचा पुण्यातला सप्लायर कुठे अडकलाय हे त्याला तुमच्या आधी कळतं. या पन्नास जणांना विनंती पाठवायला संकोच वाटायचं कारण नाही. दहा वर्षं फोन केला नसला तरी ‘काय रे, ओळखलंस का’ हे अजून चालतं.

यानंतर नवी माणसं. इथं सगळे एकच चूक करतात: ज्या कंपनीचं काम हवंय तिच्या परचेस हेडला गाठतात. त्याच्या खात्यावर अशा विनंत्यांचा ढीग असतो आणि तो भाव सोडून काही विचारत नाही. दुखतं ते दुसऱ्याच कुणाला. लॉट रिजेक्ट झाला की रात्री थांबावं लागतं ते सप्लायर क्वालिटीच्या इंजिनिअरला. प्रोटोटाइपचे तीन नग कुणी करून देत नाही म्हणून रडतो तो डिझाइनवाला. मशीन बंद पडलं आणि सुटा भाग जपानहून यायला आठ आठवडे लागणार, तेव्हा मेंटेनन्सवाल्याचा जीव टांगणीला. ही माणसं परचेसला जाऊन सांगतात, “या माणसाला एकदा बघा.” आणि आतून आलेलं ते एक वाक्य आमच्या टेबलावर दहा ब्रोशरांना भारी पडायचं.

विनंतीसोबत दोन ओळी लिहिता येतात. फुकट खात्यावर अशा ओळी जोडायला महिन्याला मोजक्याच संधी असतात, म्हणून त्या जपून वापरा. ‘आपल्या नामांकित कंपनीसोबत व्यवसाय करण्याची संधी मिळावी’ ही ओळ मी इतक्यांदा वाचली आहे की ती कुठे छापून मिळते का अशी मला शंका आहे. त्यापेक्षा असं: ‘नमस्कार सर. पातळ कास्टिंग मशीन करताना वाकतात यावरची तुमची पोस्ट वाचली. आम्ही भोसरीत तसलेच भाग करतो, क्लॅम्पिंगचा तुमचा मुद्दा आम्हालाही पटला. संपर्कात राहायला आवडेल.’ काही मागितलेलं नाही. त्याने विनंती स्वीकारली की पुढच्या मिनिटाला बारा पानी ब्रोशर पाठवायचं नाही. बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर पोह्यांची बशी ठेवायच्या आत कार्यालयाच्या तारखा काढून बसलात तर ती मंडळी काय करतील? तेच इथं होतं.

आठवड्याला आठ-दहा विनंत्या पुरे. एकदम शेकड्याने पाठवल्या आणि बऱ्याच जणांनी ‘ओळखत नाही’ म्हटलं तर खात्यावर बंधन येतं. आपोआप विनंत्या आणि मेसेज पाठवणारी सॉफ्टवेअरं कुणी तुम्हाला विकायला येईल. लिंक्डइनच्या नियमांत ती बसत नाहीत, आणि खातं बंद झालं की वर्षभर जमवलेली माणसं एका दिवसात जातात.

लिहायचं काय

१९२० साली किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागली. संपादक शंकरराव किर्लोस्कर. लोखंडी नांगर आणि उसाचे चरक करणाऱ्या कारखान्याला मासिक कशाला हवं होतं? कारखान्यात काय बनतं, ते कशा कामी येतं हे गिऱ्हाइकांपर्यंत पोचावं, म्हणून. पुढे त्याचंच ‘किर्लोस्कर’ मासिक झालं, १९३० मध्ये ‘स्त्री’ आलं, १९३४ मध्ये ‘मनोहर’. इतकं मोठं काही तुम्हाला करायचं नाही. पण आज जे ‘कंटेंट मार्केटिंग’ म्हणून हजारो रुपयांच्या कार्यशाळांत शिकवतात ते सांगली जिल्ह्यातल्या माळरानावर शंभर वर्षांपूर्वी करून झालेलं आहे, हे लक्षात असू द्या. त्यासाठी मुंबईच्या एजन्सीची गरज नाही.

आठवड्याला एक पोस्ट. एका पोस्टमध्ये एक अडचण आणि ती कशी सुटली. भोसरीतल्या एका मालकाची पोस्ट मी जवळजवळ तशीच देतो:

“ॲल्युमिनियमची रिंग, भिंत फक्त ३ मि.मी. लेथवर बोअर मापात. गिऱ्हाइकाकडे गेल्यावर शाफ्ट अडकतो. आम्ही पुन्हा मोजला, पुन्हा मापात! दोन दिवस डोकं फिरलं. मग तीन बिंदूंचं बोअर गेज लावलं तेव्हा कळलं की बोअर गोल नाही, तीन कोनी आहे. तीन जबड्यांच्या चकने रिंग दाबली गेली, दाबलेल्या रिंगमध्ये आम्ही गोल बोअर केला, चक सोडल्यावर रिंग उसळून बोअरचा आकार बिघडला. दोन बिंदूंनी मोजलं तर हा दोष सहज निसटतो. आता रिंगच्या मापाचे सॉफ्ट जॉ करून घेतले, दाब कमी केला आणि शेवटचा अर्धा मि.मी.चा कट रिंग एकदा सोडून परत हलकी पकडून घेतो. ६० पैकी १४ नग आमच्या पदरात पडले, शिकवणी म्हणून.”

पोस्ट टाकायला तो तयार नव्हता. चौदा नग फुकट गेले हे जगाला का सांगायचं? मी म्हटलं, मी परचेसला असतो तर याच ओळीवर थांबलो असतो. नग वाया न घालवलेला कारखाना पृथ्वीवर नाही. का गेले ते शोधून काढणारा मात्र शोधावा लागतो. त्याने कुरकुरत टाकली. अकरा लाईक आले, त्यातले सात नात्यातले. आठ महिन्यांनी वाळूजहून एका क्वालिटी इंजिनिअरचा मेसेज आला: “तुमच्या तीन कोनी बोअरच्या पोस्टचा फोटो आमच्या ग्रुपवर फिरला होता. तसलाच पार्ट आहे आमच्याकडे. ड्रॉइंग पाठवू का?” या गृहस्थाने आधी ना लाईक दिला होता, ना विनंती पाठवली होती.

अशा गोष्टी तुमच्याकडे रोज घडतात, फक्त त्या गोष्टी आहेत हे तुम्हाला वाटत नाही. सुपरवायझर काय बडबडतो ते ऐका. “हा ग्रेड वेल्डिंगला तडकतो, मी सांगत होतो”, झाली पोस्ट. ड्रॉइंगवर उगाच दिलेला बारीक टॉलरन्स, जो सैल केला तर किंमत उतरते, हा विषय तर डिझाइनवाल्यांना फार आवडतो, कारण त्यांना तो कॉलेजात कुणी शिकवलेला नसतो. फोटो मोबाइलचाच चालतो. दहा-बारा पानांची पीडीएफ करून टाकली तर लोक ती जपून ठेवतात. मटेरियल निवडायचा तक्ता, ड्रॉइंग पाठवताना काय लिहावं याची यादी, असं काही.

आता एक गोष्ट जरा दरडावून सांगतो. गिऱ्हाइकाच्या पार्टचा फोटो लेखी परवानगीशिवाय टाकू नका. तुम्ही गुप्ततेच्या करारावर सही केलेली असते, बहुतेक वेळा न वाचता. पार्ट नंबर झाकला तरी मागच्या क्रेटवर कंपनीचं नाव असतं, टेबलावर ड्रॉइंगचा कोपरा दिसत असतो. आमच्याकडे एका व्हेंडरने हौसेने टाकलेल्या फोटोत अजून बाजारात न आलेल्या पार्टचं आवरण दिसत होतं. दुसऱ्या दिवशी त्याचं काम थांबलं. माणूस चांगला होता, काम उत्तम होतं, मला वाईट वाटलं, पण मीही काही करू शकलो नाही. दाखवायचंच असेल तर निरुपयोगी तुकड्यावर तोच दोष मुद्दाम घडवून दाखवा, नाहीतर कागदावर चित्र काढा. हाताने काढलेलं चित्र उलट जास्त वाचलं जातं.

काय टाकू नये याची यादी मोठी आहे, मी दोनच सांगतो. सणाच्या शुभेच्छांचे स्वतःच्या फोटोसकट रंगीत पत्रे: चौकातले फ्लेक्स कमी होते म्हणून ते इथं आले आहेत. आणि चॅटबॉटने लिहून दिलेल्या पोस्टी. त्यात प्रत्येक वाक्य स्वतंत्र ओळीवर असतं, प्रत्येक ओळीला रॉकेटचं चित्र असतं आणि शेवटी ‘तुम्हाला काय वाटतं?’ असतं. आम्हाला काहीच वाटत नाही. व्याकरण तपासायला ते यंत्र वापरा, तीन कोनी बोअर त्याच्या हातून गेलेला नाही.

लिहायला अजिबात जमत नसेल तर पहिले तीन महिने दुसऱ्यांच्या पोस्टखाली फक्त उत्तरं द्या. कुणी फिक्स्चरबद्दल विचारलंय, कुणी गंज का चढतो म्हणून विचारलंय. तिथं चार ओळींत कामाचं सांगा. ‘छान माहिती सर’ म्हणजे उत्तर नाही. ही वाट मला स्वतःच्या पोस्टपेक्षाही बरी वाटते, कारण गर्दी आधीच जमलेली असते.

वकील आणि सीए वाचकांसाठी एक सूचना: वकिलांना काम मागणारी जाहिरात करायला बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे, सीएंवरही त्यांच्या संस्थेची बंधनं आहेत. तुम्ही आधी तुमचे नियम वाचा. कायदा समजावून सांगणारं लिहिणं आणि ‘आमच्याकडे या’ म्हणणं यात अंतर राखा. बाकी सल्लागार, डिझायनर, अनुवादक, प्रशिक्षक यांना वरचं सगळं जसंच्या तसं लागू आहे, फक्त बोअरच्या जागी त्यांची अडचण घालायची.

विचारणा आल्यावर

मेसेज आला की त्याच दिवशी उत्तर. कोटेशन त्या दिवशी जमलं नाही तरी चालेल, पण ‘मिळालं, गुरुवारपर्यंत कळवतो’ एवढं संध्याकाळच्या आत जायला हवं. मग फोनवर या. ड्रॉइंग, मटेरियलचा नेमका ग्रेड, एकदम किती नग आणि वर्षाला किती, वरची प्रक्रिया, तारीख, आणि आत्ता कोण करतंय व तिथं काय अडलंय. हा शेवटचा प्रश्न लोक संकोचाने विचारत नाहीत. विचारा. खरं दुखणं तिथंच कळतं. काम आपलं नसेल तर सरळ सांगा आणि ज्याचं आहे त्याचा नंबर द्या. मी अशा नकार देणाऱ्यांची नावं डायरीत वेगळ्या पानावर लिहायचो.

अनोळखी माणूस खरा आहे का हे बघायला पाच मिनिटं लागतात. जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर टाका, कंपनी असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तिची मूळ माहिती दिसते. ई-मेल कंपनीच्या नावाचा आहे की जीमेलचा ते पाहा. ‘व्हेंडर रजिस्ट्रेशन फी भरा’ असं कुणी म्हटलं की मेसेज बंद करा; खाजगी कंपनीचा परचेस विभाग तुम्हाला काम द्यायचे पैसे तुमच्याकडून घेत नाही. परदेशातून मोठी ऑर्डर, भाव न ठरवता, लगेच, असं आलं तर आनंद जरा आवरा.

कोटेशनवर उद्यम क्रमांक छापा. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानुसार, लेखी करार असला तरी, ४५ दिवसांपलीकडे अडकवता येत नाहीत. करार नसेल तर १५ दिवस. ९० दिवसांची अट समोरून आली तर हे हसत हसत आठवण करून देता येतं. नवा व्हेंडर हे बोलला की मी मनात चरफडायचो, आणि हा माणूस हिशेबाला पक्का आहे अशी नोंदही करायचो.

पैसे देऊन घ्यायचं प्रीमियम खातं, जाहिराती यांच्या मागे पहिल्या वर्षी लागू नका. जाहिराती महाग पडतात, आणि अर्धवट प्रोफाइलकडे पैसे देऊन माणसं आणणं म्हणजे घर झाडायच्या आधी पाहुण्यांना रिक्षा पाठवणं. रोज अर्धा तास, सकाळी मशीन तापेपर्यंतचा, एवढं भांडवल पुरतं. घाई मात्र करून चालत नाही. कंपनीत नवा व्हेंडर घ्यायचा तर नोंदणी, ऑडिट, सँपल, त्याचा रिपोर्ट, मग छोटा लॉट, यातच सहा-सहा महिने जातात. आज पेरलं की दिवाळीला कणसं, असं हे पीक नाही.

हिशेब ठेवायला मी लोकांना एक साधी वही करायला सांगतो. लाईकचा रकाना नाही. तारीख, कोण, कंपनी, ड्रॉइंग आलं का, कोटेशन दिलं का, पीओ आली का. आणि शेवटचा रकाना, ‘कुठून कळलं?’ प्रत्येक नव्या माणसाला हा प्रश्न विचारायचाच. अंबडच्या एका मालकाने पहिल्या वर्षात सतरा ड्रॉइंगं मिळवली, चार ऑर्डरी बसल्या. त्यातली सगळ्यात मोठी देणाऱ्याला त्याने विचारलं तेव्हा उत्तर आलं, “कुणाच्या तरी पोस्टखाली तुम्ही थ्रेडच्या पिचवरून एकाशी भांडत होता, तिथं नाव पाहिलं.” मालकाला ते भांडण आठवतही नव्हतं. रात्री जुनं सगळं चाळून त्याने ते शोधून काढलं आणि मला फोन करून आधी हे सांगितलं की मुद्दा त्याचाच बरोबर होता.